धुतलेला मेंथा

पानाच्या खालच्या बाजूला, एका चौरस मिलिमीटरात, तेलाच्या अकरा ग्रंथी होत्या. गावठी मेंथ्याच्या, म्हणजे तेलासाठी लावतात त्या पुदिन्याच्या, पानावर सात भरत. किर्तीने वीस पानं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली; अकराच्या खाली एकही आलं नाही. पानाच्या सालीवरच्या कोणत्या पेशीचा साधा केस व्हावा आणि कोणत्या पेशीची तेलाने फुगलेली गाठ, हे जनुकं ठरवतात. दोन जातींचा संकर करून त्याच्या तीनशे रोपांतून तिने हे एक वाण निवडलं होतं. पुढची सगळी लागवड त्याच्याच कलमांची.

जितेशचा अंबरनाथला तेल काढायचा छोटा कारखाना होता. तो किर्तीला एवढंच म्हणाला होता की ताज्या पाल्याच्या शेकडा शून्य पूर्णांक आठ तेल निघालं तर पुढच्या हंगामात तुझं वाण लावू, नाहीतर मांजर्लीच्या ज्या नाल्याकाठच्या तुकड्यात ते आता लावलंय, तिथे पुन्हा पालक.

कापणीच्या सकाळी किर्ती भट्टीची जुळवाजुळव करत अंबरनाथला अडकली. तिने तो तुकडा कसणाऱ्या कौसाबाईला फोनवर सांगितलं की मेंथा कापून सावलीत पसरून ठेव. कौसाबाईचा जन्म पालेभाजीत गेला होता.

किर्ती मांजर्लीला पोचली तेव्हा तिला मेंथ्याच्या आधी नाल्याचाच वास आला. मे महिन्यातला नाला, काळा आणि साबणाच्या फेसाचा. त्यात गुडघाभर उभी राहून कौसाबाई शेवटची जुडी बुचकळत होती, हाताने चोळत होती, आपटत होती. काठावर तशाच जुड्यांचा ढीग निथळत होता. एका जुडीला केसांचा गुंता चिकटलेला, दुसरीत गुटख्याची पुडी. त्यावर मेंथ्याचा थंड, गोड वास तरंगत होता. हे दोन वास एकत्र आल्यावर किर्ती तोंड फिरवून थुंकली.

"मावशी, कुणी सांगितलं धुवायला?"

"सांगाया कशाला लागतंय? मातीची जुडी कॅम्पात कोन घेल?" कौसाबाई हसली. "बघ, कशी तजेलदार दिसते."

ती रोज हेच करते, हे किर्तीला तेव्हा कळलं. पालक, मेथी, कोथिंबीर, सगळं याच पाण्यातून उल्हासनगरच्या कॅम्प एकच्या बाजारात जायचं. किर्तीच्या आईची भाजी तिथूनच यायची. काल रात्रीची मेथी तिच्या पोटात होती.

तिने एक पान पिण्याच्या पाण्याने धुऊन भिंगाखाली धरलं. चोळलेल्या जागी ग्रंथी फुटून सपाट झाल्या होत्या.

जितेश टेम्पो घेऊन आला. त्याने नाकाला रुमाल लावला आणि जुड्या चढवायला सांगितल्या.

"हे भट्टीत घालणार?"

"वाफ लागली की सब साफ. बाटलीत कोण नाला शोधणार आहे?"

"हे तेल कशात जातं?"

"बाममध्ये. पेपरमिंटच्या गोळ्यांत. आता प्रवचन नको यार."

किर्तीला त्याच्या टेम्पोची, त्याच्या रुमालाची, त्याच्या हसण्याचीही किळस आली. ती म्हणाली की माझ्या वाणाची चाचणी यावर होणार नाही. ग्रंथी फुटल्यात आणि पाला घाण झालाय. आंब्याखालच्या दोन सरी अजून उभ्या आहेत, त्याच मी घेणार.

"सावलीतल्या? त्यात तेल कमी भरतं, हे तूच मला शिकवलंस. भट्टी तुला आज एकदाच मिळेल. कमी निघालं तर रडू नकोस."

"नाही रडणार."

 कौसाबाईने विळा धुवायला नाल्याकडे वळवला, किर्तीकडे पाहिलं आणि पदरालाच पुसला. पण किर्तीने तिच्याकडून विळा घेतला नाही. तिने स्वतः कात्रीने सरी कापल्या आणि कोरड्या गोणपाटावर अंथरल्या. धुतलेला ढीग जितेशने चिडून नाल्याकाठीच टाकला. त्यावर माश्या बसू लागल्या होत्या.

संध्याकाळी भट्टीतून वाफ निघाली, नळीत थंड झाली. पाण्यावर फिकट पिवळा थर साचला. किर्तीने तो अलगद वेगळा करून तराजूवर ठेवला.

पाला चौदा किलो. तेल एकशे आठ ग्रॅम. शेकडा शून्य पूर्णांक सत्त्याहत्तर; जितेशच्या अटीला तीन शतांश कमी.