घंटेआधीचा हात

"शून्य, शून्य, शून्य." जिल्हा कार्यालयातून आलेल्या मॅडम वहीची पानं उलटत होत्या. "दोन वर्षांत एकदाही नाही. बाई, तुमचं कौतुक करावं तेवढं थोडंच."

कौतुक मदतनीस बाईंचं होतं, पण त्यांना ते नको होतं.

बैठक विशेष मुलांच्या खोलीत होती, त्यामुळे खुर्च्या बुटक्या. मॅडम, बाई आणि मुलीचे वडील असे तिघेही गुडघे हनुवटीला लावून बसले होते. कोणत्या मुलाला किती तास मदतनीस द्यायची हे ठरवायला मॅडम वर्षातून दोनदा येत. ज्या रकान्यावर त्यांचं बोट होतं त्याच्या वर लिहिलं होतं : घंटा होताच पळून गेली का? किती वेळा?

मुलीला सगळी शाळा भिंगरी म्हणे. वय नऊ, शब्द मोजून दहा-बारा, चाकांची चित्रं मात्र हजारो. घंटा झाली की ती पळायची. कुठे, कशाला, ते तिलाच ठाऊक. दार, पायऱ्या, फाटक आणि थेट रस्ता. तीन वर्षांपूर्वी, शाळेच्या पहिल्याच आठवड्यात, एक बस तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली होती. तेव्हा बाईंची नेमणूक झाली.

आणि पाहा, महिनाभरात बाईंना एक गोष्ट सापडली. कुठल्या प्रशिक्षणात कोणी सांगितली नव्हती, देवानेच सुचवली असं त्या मानत. घंटेच्या अर्धा मिनिट आधी दोन खांद्यांच्या मधोमध तळहात सपाट ठेवायचा आणि शेवटचा नाद विरेपर्यंत उचलायचा नाही. पोर जागची हलत नसे. दिवसाला चार घंटा, चार वेळा हात. घंटा वाजवणारे शिपाईमामाही टोल देण्याआधी खिडकीकडे बघत. बाईंनी मान हलवली की मगच हातोडी पडे. या दोघांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं दोघांनाही वाटलं नव्हतं.

"मॅडम, मी हात ठेवते म्हणून ती थांबते," बाई म्हणाल्या.

"हे वहीत कुठे आहे?"

"हाताला रकाना नाही ना, मॅडम."

मॅडम हसल्या. त्या मनाने वाईट नव्हत्या. "पलीकडच्या शाळेत एक मुलगा आहे. दिवसभर भिंतीवर डोकं आपटून घेतो. त्याला कोणीच नाही. माणसं माझ्याकडे मोजकी. कोणाला देऊ आणि कोणाला नको, तुम्हीच सांगा."

"आणि ती बस?"

"तीन वर्षं झाली. मागच्या दोन वर्षांपलीकडचं धरत नाहीत."

मुलीचे वडील सलूनवाले. खिशात कंगवा, बोटांना पावडरचा वास. ते आता बाईंकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "बाई, हिच्याबद्दल कागदावर चांगलं असं आजवर काही लिहून आलं नव्हतं. आज आलंय. ते खोडायला लावू नका."

बाई मॅडमकडे वळल्या. एवढंच म्हणाल्या, "एकदा तुमच्या डोळ्यांनी बघा, मॅडम. मग काय ते ठरवा."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. "शुक्रवारी मधल्या सुट्टीला येते. तुम्ही लांब बसायचं. हात लावायचा नाही. पळाली तर मी स्वतः कागद बदलून घेते. नाही पळाली तर सोमवारपासून तुम्ही पलीकडच्या शाळेत."

संध्याकाळी बाईंनी हे थोरल्या बहिणीला सांगितलं. नवरा गेल्यापासून बाई अक्काकडेच राहत. अक्का भाजी निवडत ऐकत होती.

"दोन वर्षांत दोनदा पळाली म्हणून लिहिलं असतंस तर आकाश कोसळलं असतं का?"

"पळालीच नाही तर कसं लिहू?"

"मग भोग आता. देव तुला खरं बोलायला लावतो आणि बाकीचं माझ्यावर सोडतो." थोड्या वेळाने मात्र तीच म्हणाली, "शुक्रवारी बसून राहा गप्प. एकदाच पळू दे तिला."

"फाटक उघडं असलं तर?"

अक्काने निवडलेली भाजी पुन्हा निवडायला घेतली.

शुक्रवारी सकाळी बाई आधी शिपाईमामांना गाठायला गेल्या. मामा शिडीवर चढलेल्या वायरमनला वरून काय दिसतं ते खालून सांगत होते. भिंतीवर पांढरा डबा बसत होता. सोमवारपासून घंटा आपोआप होणार होती.

"तीस वर्षं हात दुखवला, आता डबा वाजवणार," मामा म्हणाले. "निदान त्याला चहा तरी लागणार नाही."

"मामा, आज मधल्या सुट्टीला फाटक लावून ठेवाल?"

मामांनी मान हलवली नाही. "लावेन. कुलूप घालेन. पण मग मॅडम काय म्हणतील? फाटक लावलं की भागतंय, मग माणूस कशाला? आणि त्या वेळेला पाण्याची गाडी येते, बाई. फाटक उघडावंच लागतं."

हे बाईंच्या ध्यानात आलं नव्हतं. पोर वाचवायची तर ती एकदा उघड्या फाटकाकडे पळायला हवी होती, आणि ती पळताना बाईंनी बसून बघायला हवं होतं.

अकरा पस्तीस. मॅडम व्हरांड्यात कागद लावलेली फळी घेऊन उभ्या. सलूनवाले खिडकीशी. बाई वर्गाच्या टोकाला, बाकावर, हात मांडीखाली दाबून. मुलांच्या मधोमध भिंगरी चाक काढत होती. एक चाक झालं, दुसरं झालं. बाहेर फाटक करकरत उघडलं आणि पाण्याची गाडी आत येऊ लागली. मागे घेताना ती पी-पी करत होती.

भिंगरीने पेन्सिल थांबवली. मागे वळून पाहिलं नाही, नुसते खांदे किंचित मागे नेले. हात यायची वेळ झाली होती.

एकच खूण, बाई मनात म्हणत होत्या. वहीत एक खूण पडू दे. देवा, तिला पळव आणि तूच धर. पण देवाने धरायचं म्हणजे कोणाच्या हातांनी, हे त्यांना दिसेना. मामा अंगणात हातोडी घेऊन उभे होते. सवयीने खिडकीकडे बघत होते. अर्धा मिनिट. गाडी अजून पी-पी करत होती.

बाई उठल्या. अकरा पावलं. तळहात पाठीवर सपाट टेकला. त्यांनी मान हलवली आणि टोल पडला.

भिंगरी बसून राहिली. तिने तिसरं चाक काढायला घेतलं.

मॅडमनी फळीवर शून्य लिहिलं, त्याखाली एक ओळ लिहिली : मदतनिसाने सूचना पाळली नाही. मग कागद सलूनवाल्यांपुढे धरला. त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून नीट, सावकाश सही केली. मॅडम जाताना बाईंच्या खांद्याला हात लावून म्हणाल्या, "जीव लागतो, मला कळतं. पण सोडताही आलं पाहिजे."

सुट्टी संपत आली. सलूनवाले अजून रेंगाळत होते. "चला, बाई. तुमचे उपकार मोठे आहेत."

"उपकार राहू द्या. इकडे या." बाईंनी त्यांचा उजवा हात धरून भिंगरीच्या पाठीवर ठेवला. "इथे. जोर नको. पण काही झालं तरी उचलायचा नाही."

"घरी मी रोज केस विंचरतो तिचे. पाठ मला काय नवी आहे?"

"घरी घंटा नाही."

बाईंनी खिडकीतून मान हलवली. टोल पडला.

सलूनवाल्यांचं तोंड उतरत गेलं. वरून पोर शांत दिसत होती, पेन्सिलसुद्धा हलली नव्हती. तळहाताखाली मात्र पिशवीत कोंडलेलं जनावर उसळावं तसं काहीतरी उसळत होतं, पुन्हा पुन्हा, सगळ्या अंगानिशी, दाराच्या दिशेने. नाद विरला तसं ते निवलं. त्यांनी हात उचलला नाही.

"हे रोज?"

"चार वेळा."

"पण मी तर सही केली."

त्यांनी तिथूनच मॅडमना फोन लावला. मॅडम गाडीत होत्या. बोलणं नीट ऐकून घेऊन त्या म्हणाल्या की कागद कार्यालयात पोचला की पुढचा आढावा सहा महिन्यांनी. वर्गात पालकांना बसता येत नाही, तेही त्यांनी समजावून सांगितलं. उरलेल्या दुपारी बाईंनी वर्गशिक्षिकेला हात कसा ठेवायचा ते दाखवलं. तिने मनापासून शिकून घेतलं. पण तिच्या वर्गात बेचाळीस मुलं होती, आणि घंटा झाली की बेचाळीसही उठत.

सोमवारी पलीकडच्या शाळेत बाई नव्या मुलाशेजारी बसल्या होत्या. त्याच्या कपाळावर जुन्या खुणा होत्या. सकाळपासून त्याने त्यांना दोनदा ढकललं होतं आणि एकदा त्यांच्या बांगडीला हात लावून पाहिला होता. अकरा अडतीसला फोन वाजला. शिपाईमामा.

"बाई, तो आलाय. भिंगरीचा बाप. फाटकाबाहेर उभा आहे, दोन्ही हात पसरून. गळ्यात टॉवेल तसाच. गिऱ्हाईक अर्धवट टाकून आलेला दिसतोय."

"वर्गात कोण आहे तिच्याजवळ?"

"शिक्षिका फळ्याशी आहे. भिंगरी मागे सरकून बसलीय. मागे कोणी नाही."

"तुम्ही जा ना, मामा."

"फाटक सोडून कसा जाऊ? पाण्याची गाडी मागे घेतायत. बापाच्या आणि दाराच्या मधोमध."

फोनमधून पी-पी ऐकू येत होतं.

"गाडीवाल्याला जरा थांबा म्हणावं," बाई म्हणाल्या. "घंटा जरा थांबवा, मामा."

"डब्यातली घंटा आता माझ्याकडे कुठे बघते, बाई."

बाईंनी फोन कानाशी घट्ट धरला. नवा मुलगा भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्यांचा दुसरा हात आपसूक उठला आणि त्याच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध सपाट टेकला. मुलगा दचकला, पण सरकला नाही.

फोनमध्ये घंटा वाजू लागली. नवी होती, खूप लांब वाजत राहिली. बाईंनी हात उचलला नाही.