कोरडी टाकी

मिस्त्रीने चेनसॉ जमिनीवर ठेवला, मागच्या मुठीत पाय रोवला आणि दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. सातव्या खेपेला कपाळावरचा घाम मनगटाने पुसून तो दारात बसलेल्या बाईकडे वळला.

"वर्षभर पडून आहे, वहिनी. लगेच नाही बोलायचं ते."

तिने मान हलवली. दाराशी उपड्या खोक्यावर ती बसली होती, मांडीवर रिकाम्या पोत्याची घडी. वर्षापूर्वी याच पोत्यातून मशीन डोंगरउतारावरून तिच्या घरी आलं होतं आणि तिचा नवरा त्याच्या पुढे, चौघांच्या खांद्यांवर. नवऱ्याला सगळे शिडी म्हणत. उंच होता, आणि झाडावर चढायला त्याने कधी शिडी मागितली नाही. मिस्त्रीचा धाकटा भाऊ त्याचा जोडीदार. बारा वर्षं दोघांनी मिळून झाडं तोडली.

आल्या आल्या तिने एवढंच सांगितलं होतं, की मशीन चालू करा आणि चालू झालं की धाकट्या भाऊजींना द्या, ते रिकामे बसलेत ते बघवत नाही. मिस्त्रीला भरून आलं होतं. धाकट्याने त्या दिवसापासून झाडाला हात लावला नव्हता. स्वतःचं मशीन विकून टाकलं होतं. जेवायला बसला की ताटाकडे बघत राही आणि बायकोने हाक मारली की दचके. आता ज्याच्या जाण्याने तो असा झाला, त्याच्याच घरून मशीन येतंय म्हटल्यावर कदाचित माणसात येईल, असं मिस्त्रीला वाटलं.

तो क्रमाने कामाला लागला. आधी स्विच. त्याच्याकडे येणाऱ्या दहातल्या चार मशिनांचा आजार एवढाच असे, की स्विच बंद. गिऱ्हाईक दोरी ओढून ओढून खांदा उतरवून घेई आणि वर कंपनीला शिव्या. नाचता येईना अंगण वाकडं. यावर तो एरवी तासभर बोलू शकत असे. पण इथे स्विच चालू होता. मग त्याने प्लग काढला, पुसला, ठिणगी पाहिली. निळी, चांगली. म्हणजे दोष पेट्रोलकडे. त्याने टाकीचं झाकण फिरवलं, आत बॅटरीचा उजेड टाकला, आणि तिथेच थांबला.

टाकी कोरडी होती.

त्याने बोट आत घालून तळ चाचपला. पेट्रोल वर्षभरात उडून जातं, लहान मूलही सांगेल. पण या मशिनात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालतात आणि ऑइल उडत नाही. तळाशी चिकट, काळपट साय धरते. अशा शेकडो टाक्या त्याने खरवडल्या होत्या. या टाकीत बोटाला नावापुरतं काही लागलं, तेवढंच. यातलं पेट्रोल उडालेलं नव्हतं, जळालेलं होतं.

"वहिनी, ही टाकी कुणी ओतून ठेवली होती का?"

"नाही. पोतं आलं तसं कोपऱ्यात ठेवलं. गाठसुद्धा आज सोडली."

मिस्त्रीने झाकण परत लावलं. मग उगाचच काढून पुन्हा लावलं.

धाकट्याने सांगितलेली हकीकत गावाला पाठ होती. टाकी नुकतीच भरली होती, पहिलाच काप घेतला, आणि वर अडकलेली मोडकी फांदी सुटून आली. मी चार पावलांवर होतो. फांदी बाजूला सारली, डोकं मांडीवर घेतलं. दोन मिनिटांत शांतपणे गेला. शिडीची आई दर रविवारी त्याला बोलावून हे सांगायला लावी. डोळे मिटून ऐके आणि शेवटी विचारी, "एकटा नव्हता ना रे तो?" धाकटा म्हणे, "नाही आई, माझ्या मांडीवर होता." मग म्हातारीला त्या रात्री झोप लागे. धाकट्याला लागत नसे, ते मिस्त्रीला पलीकडच्या खोलीतून कळे.

चार पावलांवर जोडीदार असेल, तर तो आधी मशीन बंद करतो. चालू मशीनशेजारून माणूस उचलता येत नाही. हे मिस्त्रीनेच धाकट्याला शिकवलं होतं, ओरडून, एकदा कानाखाली देऊन. आणि हे मशीन कुणीही बंद केलं नव्हतं. पानांत आडवं पडून, नुसतं फटफटत, भरलेली टाकी संपेपर्यंत चालत राहिलं होतं. तास तरी. तासभर तिथे कुणी नव्हतं.

मशीन खोटं बोलत नाही, गिऱ्हाईक बोलतं, असं तो सगळ्यांना हसून सांगायचा. आता तेच वाक्य सख्ख्या भावावर आलं होतं. या बाईला सांगावं, तर धाकट्याला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. सांगू नये, तर तिच्या हातचं हे देणं खोटेपणाने घ्यायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणून त्याने प्लग परत बसवला आणि फडक्याला हात पुसले.

"याचा पिस्टन गेलाय, वहिनी. दुरुस्त होण्यातलं नाही हे."

पोत्याची घडी उलगडून तिने पुन्हा घातली.

"दादा, तुम्ही दोरी ओढलीत तेव्हा आत दम होता. बारा वर्षं हेच ऐकलंय मी." मग तिने विचारलं, "टाकी कोरडी निघाली ना?"

मिस्त्रीने मान खाली घातली.

"भाऊजी तिथे नव्हते. विडी-काडी आणायला खाली दुकानात गेले होते. आमच्या अंगणातून रस्ता दिसतो, जाताना बघितलं मी त्यांना."

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून..."

"पहिल्या दिवसापासून."

"मग वर्षभर का नाही बोललात?"

तिने अंगठ्याने पोत्यातला एक धागा ओढला. बोलली तेव्हा आवाज अगदी रोजचा होता.

"मी कपडे वाळत घालत होते. वरून आवाज येत होता. झाड कापताना येतो तसा नाही. नुसता फटफट, फटफट, एका जागी. वाटलं, पाणी पीत असतील. मशीन चालू ठेवून पाणी पिणारा माणूस नव्हता तो, हे मला ठाऊक होतं, दादा. तरी मी बादली संपवली. मग भाजी चिरायला घेतली. चढण पाच मिनिटांची आहे. मग केव्हातरी आवाज आपोआप थांबला, तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, उरकलं काम, येतील आता जेवायला."

मिस्त्रीने पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला. तिने तो घेतला नाही.

"भाऊजी खोटं बोलले तेव्हा मीही त्यात लपले. ते तिथे होते म्हटल्यावर मला कुणी विचारणार नव्हतं, तू काय ऐकलंस म्हणून. त्यांच्या खोट्यावर माझंही भागलं. पण दर रविवारी आमच्या घरी येऊन ते वाळत चाललेत. मला नाही बघवत."

"काय सांगू त्याला?"

"टाकी कोरडी निघाली, आणि वहिनींना पहिल्यापासून ठाऊक आहे, म्हणावं. मी अंगणात होते तेही सांगा. सासूबाईंना सांगतात ते सांगू देत, त्यांना तेवढंच आहे. पण माझ्यासमोर नजर खाली घालू नका म्हणावं."

मग मिस्त्रीने कार्बोरेटर उघडला. बारीक तारेने छिद्र मोकळं केलं, कडक झालेला रबरी पडदा बदलला, ताजं पेट्रोल-ऑइल मिसळून टाकीत ओतलं. सगळ्याला पाऊण तास गेला. ती तिथेच बसून होती. एकदा तिने खाली पडलेला स्क्रू उचलून दिला.

तिसऱ्या ओढीला मशीन धडधडलं, धूर सोडला आणि हळूहळू एका लयीवर आलं. फटफट, फटफट, फटफट. चेन जागच्या जागी स्थिर होती. मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं आणि ते बंद करायला पटकन हात पुढे केला.

"राहू द्या," ती म्हणाली.

ती खोक्यावरून उठली, पोतं बाजूला ठेवून मशीनशेजारी उकिडवी बसली. थोडा वेळ ऐकत राहिली. मग तिने हात घालून स्विच बंद केला. तो तिला शोधावा लागला नाही.

आवाज थांबला. मिस्त्री दाराकडे बघत उभा राहिला. तिने गरम मशीनवरचा हात लगेच काढून घेतला नाही.