लंबकातला पारा

“काका, किंमत लावायचीय त्याची, लग्न नाही लावायचं,” दोघा बहीण-भावांतला भाऊ म्हणाला. “किती वेळ नुसते बघताय?”

मी बघत नव्हतोच. घड्याळाचं मागचं दार उघडायचं टाळत होतो. समोर ते पितळी घड्याळ, चारही बाजूंना काचा, आतला लंबक लख्ख दिसणारा. माझी टाच खुर्चीखाली सारखी उडत होती. ही माझी जुनी खोड. बायको तिला ‘शिलाई मशीन’ म्हणते.

त्यांचे वडील गेले, आणि दोघं बहीण-भाऊ घरातलं सामान वाटून घेत होते. बाकी सगळं गोडीगुलाबीनं झालं, गाडी अडली ती या घड्याळापाशी. भावाला ते विकायचं होतं, बहिणीला घरी न्यायचं होतं. शेवटी ठरलं, अस्सल निघालं तर विकायचं, नाहीतर बहिणीनं न्यायचं. आणि हा निवाडा करायला त्यांनी शोधून शोधून बोलावलं कुणाला, तर मला, त्यांच्या वडिलांच्या घड्याळजीला!

अशा घड्याळाच्या लंबकात काचेच्या दोन नळ्या असतात, नळ्यांत पारा. उन्हानं लंबकाची दांडी लांबते तसा पारा वर चढतो, आणि घड्याळाची चाल बिघडत नाही. तेवीस वर्षांपूर्वी हे घड्याळ माझ्या टेबलावर होतं. नळ्या पुसताना एक हातातून निसटली आणि पारा फरशीभर पळाला. मग मी दोन नव्या नळ्यांत पोलादाच्या, पाऱ्यासारख्या चकचकीत कांड्या बसवल्या, घड्याळ परत केलं आणि ब्र काढला नाही.

आमच्या धंद्यात दुरुस्ती झाली की आतल्या पट्टीवर सुईनं आपली खूण आणि तारीख कोरतात. पुढच्या कारागिराला कळावं, आधी कुणाचा हात लागलाय ते. जन्मभरात एवढ्या एकाच घड्याळावर मी खूण केलेली नाही.

“अस्सल आहे ना? व्यापारी चारला येतोय,” भाऊ म्हणाला.

मी उठलो, खिडकीपर्यंत गेलो, परत आलो. चष्मा काढला, पुसला, घातला. ‘अस्सल’ म्हटलं की मी सुटलो. उद्या कुणी उघडून बघितलंच, तरी आत माझं नाव थोडंच होतं?

“काका, एक विचारू?” बहीण म्हणाली. “उन्हाळ्यात हे मागं का पडतं हो? बाबा रोज सकाळी काटा पुढं करायचे. मी म्हणायची, घड्याळवाल्या काकांना दाखवा ना. तर म्हणायचे, नको, काय झालंय ते त्याला ठाऊक आहे. उगाच ओशाळेल बिचारा.”

माझी टाच थांबली.

मग मी सगळं सांगून टाकलं. नळी, पारा, कांड्या, सगळं. भाऊ ताडकन उठला.

“तेवीस वर्षं गप्प बसलात? अहो, बाबा ओळखीच्या सगळ्यांना तुमच्याकडे पाठवायचे!”

“हो. पाठवायचे.” मी घड्याळ बहिणीपुढं सरकवलं. “हे अस्सल नाही. ताईंना नेऊ द्या.”

भाऊ व्यापाऱ्याला फोन करायला बाहेर गेला.

मी मागचं दार उघडलं. पट्टीवर जुन्या कारागिरांच्या दोन खुणा होत्या. त्यांच्याखाली मी सुई टेकवली.

“आजची तारीख घालताय?” बहिणीनं विचारलं.

“नाही. तेव्हाची.”

एक आकडा तिरका आला, तो तसाच राहू दिला.

“दोन दिवस माझ्याकडे ठेवा,” मी म्हणालो. “पारा भरून देतो. पुन्हा मिनिटभर मागं पडणार नाही.”

“नको, राहू दे,” ती म्हणाली. “मग सकाळी मी काय करू?”

तिनं पुढचं दार उघडलं आणि मनगटावरच्या घड्याळात बघून, वडील गेल्यापासून मागं पडलेला मोठा काटा चार मिनिटं पुढं सरकवला. मी सुई पुसून पेटीत ठेवली.