लक्ष्मीबाईवर गेलेली पोर

हे तुम्हाला पटणार नाही, पैज लावून सांगतो. आमच्या पिशोरात एका पोरीच्या जन्माला मला धरून एकोणतीस माणसं हजर होती, आणि ती पोर जन्मली मिझोरमला.

"सांडूआबा, मागच्या वेळी बावीस होती," हे कचरू. हॉटेल त्याचं आहे, म्हणून त्याला बोलू द्यावं लागतं.

मोजदाद नंतर पूर्ण झाली. तू चहा टाक.

बाकाच्या त्या टोकाला दप्तर मांडीवर घेऊन बसलीय ना, तीच ती पोर. राजनंदिनी. सहावीत आहे. तिला सगळं ठाऊक आहे. शाळेत नवा मास्तर आला की स्वतःच सांगते, "सर, माझा जन्म आयझॉलचा, मी दत्तक आहे, आन् मला खो-खोत घ्या."

तर इंद्रजीत आणि रूपालीच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, घरात मूल नाही. सरकारी यादीत नाव घातलं. तीन वर्षांनी नंबर लागला, आणि सिल्लोडच्या पुढं एकट्यानं कधी न गेलेला इंद्रजीत विमानात बसून दीड वर्षाची पोर घेऊन आला. गोल तोंड, बारीक डोळे, केस एकदम सरळ.

आमच्याकडं घरात नवं मूल आलं की ते कुणावर गेलं हे आधी ठरतं, मग पेढे. आणि ठरवणार लक्ष्मीबाई. तिनं पोरीची हनुवटी धरली, या गालावरून बघितलं, त्या गालावरून बघितलं आणि म्हणाली, "माझ्यावर गेलीय."

लक्ष्मीबाई इंद्रजीतच्या नात्यातली नाही. समोर राहते. पण तिच्या निकालावर बोलायची गावात पद्धत नाही. पेढे वाटले.

मग आला आठवडी बाजार. बाहेरगावचा एक बांगडीवाला सगळ्यांसमोर म्हणाला, "वहिनी, ही नेपाळीण कुठून उचलून आणली?" रूपालीनं भाजीची पिशवी तिथंच टाकली, पोर उचलली आणि घरी गेली. पुढचे दोन बाजार ती आलीच नाही.

तेव्हा या बाकावर ठरलं. कुणीही विचारो, जबाब एकच: आमचीच आहे, लक्ष्मीबाईवर गेलीय. भाजीवाल्या, न्हावी, पिठाची गिरणी, सगळ्यांनी पाठ केलं. एसटीचा कंडक्टर तर कुणी न विचारताच सांगायला लागला. बांगडीवाल्याला चार बाजार गावात कुणी चहा दिला नाही. पाचव्या बाजारी त्यानं पोरीच्या मापाच्या हिरव्या बांगड्या आणल्या आणि म्हणाला, "डिट्टो लक्ष्मीबाई." रूपाली हसली. विषय मिटला.

पण दत्तक पोर घरी आल्यावर दोन वर्षं सरकारी मॅडम बघायला येते. काही कमी दिसलं तर पोर परत नेते, असं कचरूनं कुठून तरी ऐकलेलं. शेवटच्या खेपेला संभाजीनगरहून भानुमती मॅडम आल्या. नव्या होत्या, आणि सांगितल्याच्या एक दिवस आधीच आल्या. इंद्रजीत-रूपाली मका घेऊन सिल्लोडला गेलेले. पोर लक्ष्मीबाईजवळ, इथंच या बाकावर, तोंडात खारी.

मॅडमनी सहज विचारलं, "ही कुणाची?"

"आमचीच. लक्ष्मीबाईवर गेलीय," चौदा जणं एकदम बोलले.

"म्हणजे इथलीच?"

इथं थांबायला पाहिजे होतं.

"इथलीच म्हंजे? पाणी मीच तापवलं," कचरू म्हणाला.

"दाईला मी बोलावलं," न्हावी म्हणाला.

"नाळ मी कापली," लक्ष्मीबाई म्हणाली, आणि तिच्यावर बोलायची पद्धत नाही.

बघता बघता बाळंतिणीच्या दहा बाय दहाच्या खोलीत एकोणतीस माणसं झाली. गिरणीवाला पुंजाराम पळत जाऊन आपल्या चुलत्याचा फोटो घेऊन आला. "डोळे बघा मॅडम. खानदानी हैत."

मॅडमनी फोटो उजेडात धरला. "हे झोपलेत."

"झोपलेत तरी बघा ना कसे बारीक दिसतात."

मॅडमनी फोटो परत दिला आणि फाइल उघडली. "मी इंद्रजीतरावांच्या दत्तक मुलीला बघायला आले. ही इथं जन्मलेली असेल, तर आम्ही दिलेली मुलगी कुठंय? हरवली म्हणून वर कळवावं लागेल मला."

कचरूचं दूध उतू गेलं. कुणी तिकडं बघितलं नाही.

मॅडम उठल्या, ऑफिसला फोन लावत जीपकडं निघाल्या. लक्ष्मीबाई खालीच बसली. "माझ्या तोंडानं घालवली गं पोर," म्हणाली. ते ऐकून माणसं पांगली. मी आपला बाजूला उभा. मला कुणाच्या भानगडीत पडायची सवय नाही.

जीप मात्र अर्धा तास जागची हलली नाही. बॅटरी उतरली असेल.

मग ही पोर बाकावरून उतरली. डावा हात कमरेवर, अंग थोडं वाकडं, आणि दर पावलाला "आई गं". लक्ष्मीबाई अशीच चालते, गुडघ्यांमुळं. हिचे गुडघे साडेतीन वर्षांचे. तशीच जीपपाशी गेली आणि मॅडमला म्हणाली, "काय झालं गं बाई? कुणाची तू? च्या घेतला का?"

मॅडमनी पोरीकडं बघितलं. मग खाली बसलेल्या लक्ष्मीबाईकडं. मग परत पोरीकडं. फोन बंद केला.

चहा झाला. तोवर पांगलेले परत जमले आणि सगळ्यांनी खरं काय ते सांगितलं, तेही एकदमच. मग मॅडमनी फाइल मांडीवर घेतली आणि सरकारी कागदावर, सही-शिक्क्यानिशी लिहिलं: मुलगी लक्ष्मीबाईवर गेली आहे.

"असं नाय लिहिलेलं, आबा." राजनंदिनीनं दप्तर बाजूला ठेवलं. "कागद बाबांच्या कपाटात हाय, मला पाठ हाय. 'मूल कुटुंबात व गावात रुळले आहे. सांडू नावाचे वयस्कर गृहस्थ, मूल नेऊ नका असे म्हणत, वाहनाच्या पुढच्या चाकाशी अर्धा तास रडत आडवे पडून होते. मुलीनेच त्यांना हाताला धरून उठवले.' बॅटरी-बिटरी काय उतरली नव्हती. खोटं बोलता तुम्ही!"