उखळाच्या रेघा

किल्लारीच्या भूकंपानंतर मढ गावाच्या वरच्या अंगाला, कड्याखालच्या एका वाडीत, भूकंप टिपायचं यंत्र बसलं आणि भिकाला नोकरी लागली. जमिनीचा बारीकसा थरकापही फिरत्या कागदावर उमटायचा. रोज सकाळी आठाला कागद बदलायचा आणि रेघांशेजारी शिसपेन्सिलीनं कारण लिहायचं. भिका ऐटीत लिही: "बैल", "जीप", "उखळ". उखळ त्याच्याच लेकीचं. वैजयंतीचं सासर यंत्राच्या खोलीला लागूनच होतं. पोरगी पहाटे भात कांडायला लागली की रेघा दाट उठत, आणि लेक धडधाकट आहे हे बापाला कागदावर दिसे.

यंत्र बसवणारे साहेब परदेशी ज्वालामुखीवर काम करून आलेले. ते म्हणाले, "डोंगर फुटायच्या आधी बारीक धक्के येतात, दाट होत जातात. ते बघून तिकडे गावं रिकामी करतात."

"मंग हितं बी फुटंल का, सायेब?"

"इथला कोट्यवधी वर्षांपूर्वीच विझला. हे काळे कडे त्याच्याच रसाचे. पण कडा सुटून कोसळायच्या आधीही जमीन अशीच थरथरते, भिका. कारण कळलं नाही तर आधी माणसं हलव, मग मला फोन कर."

भिकानं विझलेलं तेवढं लक्षात ठेवलं. "आपला डोंगर म्हातारा झालाय राव, नुसता घोरतो," असं वाडीभर सांगत सुटला. माणूस सोयीचं तेवढंच गाठीला बांधतो.

सत्त्याण्णवच्या श्रावणात आठ दिवस झड लागली होती. नवव्या दिवशी कागदावर पहाटेच्या रेघा होत्या. दाट, मग आणखी दाट. भिकानं जांभई देत "उखळ" लिहिलं आणि कागद एसटीनं धाडायला मढला उतरला. तो थांब्यावर उभा असताना वर कडा सुटला. चार घरं गाडली गेली. पहिलं वैजयंतीचं.

तिसऱ्या दिवशी साहेब आले. मढच्या शाळेत त्यांनी तो कागद पसरला.

"उखळाचा एक ठेका असतो. ह्याला ठेकाच नाही. त्या पहाटे कांडत कोण होतं?"

वैजयंतीची सासू बायडाबाई जाऊन त्या पहाटे पाचच दिवस झाले होते. तिला खांदा भिकानंही दिला होता. सुतक फिटेपर्यंत त्या घरात कोणी कांडत नाही, मुसळ आढ्याला बांधून ठेवतात.

"कोनीच न्हाई, सायेब," तो म्हणाला. "मुसळ म्याच बांधलं व्हतं."