एकतीस तासांचं रेकॉर्डिंग

नळदुर्गला बसवेशचं कॅमेऱ्याचं दुकान होतं. एप्रिलमधल्या एका बुधवारी सकाळी त्याला जळकोटहून लागोपाठ दोन फोन आले. पहिला शिवलिंगप्पाचा, दुसरा त्याच्या धाकट्या भावाचा, गौरीशंकरचा. दोघांची तक्रार एकच होती आणि संशयही एकच. वडलांच्या खोलीतल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मधेच गायब झालंय, आणि ते दुसऱ्यानंच उडवलंय.

"सोमवार दुपारपासनं मंगळवार संध्याकाळपतोर काहीच न्हाय," शिवलिंगप्पा म्हणाला. "मोबाईलवर चालू चित्र दिसतंय, पण मागचं बघाया गेलं की कोरं. आत्ताच्या आत्ता ये. आन् आधी माझ्याकडं ये, त्याच्याकडं जाऊ नको."

गौरीशंकरनेही हेच सांगितलं, शेवटचं वाक्य तेवढं उलटं करून.

हा कॅमेरा बसवेशने चार महिन्यांपूर्वी स्वतःच्या हाताने बसवला होता. दोघांचे वडील कल्याणप्पा म्हणजे जळकोटातलं मोठं नाव. सरकी-पेंडीचं दुकान, हायवेला लागून सात एकर. दिवाळीनंतर त्यांना लकवा मारला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. जमीन अजून त्यांच्याच नावावर होती. मग थोरल्याला वाटायला लागलं की धाकटा कधीतरी खोलीत शिरून कागदावर म्हाताऱ्याचा अंगठा उठवून घेणार. धाकट्यालाही थोरल्याबद्दल तेच वाटत होतं. बसवेशला मात्र दोघांनी सांगितलं होतं, अप्पांवर लक्ष राहावं म्हणून. त्याने ते खरं मानलं होतं, किंवा मानून घेतलं होतं. रेकॉर्डरची लोखंडी पेटी त्याच खोलीत भिंतीला ठोकली आणि तिला दोन कुलुपं लावली. एक किल्ली थोरल्याकडं, एक धाकट्याकडं. अशी पेटी त्याने आजवर कुठं बसवली नव्हती. तेव्हा त्याला त्याचं हसू आलं होतं.

अकराच्या सुमारास तो पोचला तेव्हा दोघे भाऊ दारातच उभे होते, एकमेकांकडे पाठ केल्यासारखे. घर नवंकोरं, स्लॅबचं. डावीकडं थोरल्याचा संसार, उजवीकडं धाकट्याचा, आणि मधल्या खोलीत अप्पा. मधलं दार उघडलं आणि बसवेश दोन पावलं मागं सरला. वास नुसता नाकात शिरत नव्हता, जिभेवर बसत होता. आंबूस, खारट, कुजका.

"पेटीत उंदीर मेला असल," तो म्हणाला. रेकॉर्डर गरम राहतो, उंदीर-झुरळांना ऊब मिळते, असं त्याने चिक्कार ठिकाणी बघितलं होतं.

"आसंल, आसंल," गौरीशंकर नाकाला रुमाल लावून म्हणाला. "मेलेल्या उंदरानंच वायर खाल्ली असणार."

"उंदरानं बरोबर सोमवार दुपारचीच वायर खाल्ली व्हय?" शिवलिंगप्पा म्हणाला.

दोघांनी आपापली कुलुपं उघडली. पेटीचं झाकण वर केल्याबरोबर आतून झुरळांची झुंबड बाहेर आली. तांबडी, बारीक, पंख्याच्या जाळीतून, वायरींच्या गुंत्यातून, बसवेशच्या मनगटावरून पार कोपरापर्यंत. त्याने हात झटकला, अंगावर शहारा आला. रेकॉर्डरच्या टोपणावर त्यांच्या लेंड्यांचा काळा थर होता आणि पट्टीखाली अंड्यांच्या चिकट पुड्या. त्याने नाक आवळून ब्रशने सगळं खरवडलं, फडक्याने पुसलं, ते फडकं दाराबाहेर फेकलं. उंदीर मात्र नव्हता. पेटी साफ झाली तरी वास तिळभर कमी झाला नाही.

तेव्हा त्याने पहिल्यांदा खाटेकडे नीट बघितलं.

कल्याणप्पा भिंतीकडं तोंड करून पडले होते. चार महिन्यांपूर्वी याच माणसाला उशीला टेकून बसलेलं त्याने बघितलं होतं, कपाळाला विभूती, गळ्यात चांदीचं लिंग. आता गळ्यात लिंगाचा नुसता दोरा होता. चादर मूळ कुठल्या रंगाची होती ते सांगता येत नव्हतं. कमरेखालचा भाग वाळून कडक झाला होता आणि कडांवर माश्या बसल्या होत्या. त्या उडतही नव्हत्या.

"आधी मशिनचं बघ," शिवलिंगप्पा म्हणाला.

बसवेशने स्क्रीन जोडली. कॅमेऱ्याची पिन काढून घासली, परत लावली. चित्र स्वच्छ होतं. अडॉप्टर बदलून बघितला, काही फरक नाही. हार्ड डिस्क तपासली, तीही ठणठणीत, निम्मी रिकामी. मग मशिनच्या नोंदी उघडल्या, कारण वीज गेली, कुणी बटण बंद केलं, कुणी काही पुसलं, तर त्याची ओळ तिथं उमटते. सोमवार, मंगळवार, दोन्ही दिवस मशिन अखंड चालू होतं. कुणी काही पुसलेलं नव्हतं.

"पुसलं न्हाय? मग गेलं कुठं?" गौरीशंकर खेकसला.

बसवेशने दोघांना बाहेर उभं केलं आणि स्वतः खोलीच्या मधोमध गेला. स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल ठिपका लागला, म्हणजे रेकॉर्डिंग सुरू झालं. तो कॅमेऱ्याच्या बरोबर खाली, त्याला दिसणार नाही अशा भिंतीला चिकटून उभा राहिला. थोड्या वेळाने ठिपका विझला. सगळं जसं व्हायला हवं तसंच होत होतं.

तेवढ्यात खाटेवर हालचाल झाली. कल्याणप्पांनी मान वळवली. डावा हात चादरीवरून इंचभर उचलला, दोन बोटं जुळवली आणि ओठांकडं नेली. तोंडातून घरघरत आवाज आला, "नीर... नीर..."

बसवेशच्या घरातही कानडी होती. पाणी मागत होते. त्याने स्क्रीनकडं बघितलं. हात परत उचलला गेला, परत पडला. लाल ठिपका लागला नाही.

बसवताना त्यानेच हे असं लावलं होतं. कुणी हललं तरच मशिनने रेकॉर्ड करायचं, म्हणजे डिस्क लवकर भरत नाही. पण पंख्याच्या वाऱ्याने पडदा हलला तरी ते सुरू व्हायचं, म्हणून दोघा भावांच्या सांगण्यावरून त्याने मशिनची नजर बोथट केली होती. माणूस खोलीत आला तर टिपायचं, बारीकसारीक सोडून द्यायचं. अप्पांचा हात त्या बारीकसारीकात जमा झाला होता.

कोपऱ्यातल्या घागरीत तळाला थोडं पाणी होतं. त्याने ते चमच्याने त्यांच्या तोंडात घातलं. म्हाताऱ्याने चमचा दातांत धरून ठेवला, सोडेना. मग तो स्क्रीनपाशी आला आणि गायब झालेल्या वेळेच्या अलीकडचा तुकडा लावला. सोमवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. गौरीशंकरची बायको आत येते, उप्पिटाची ताटली स्टुलावर ठेवते आणि जाते. स्टूल खाटेपासून हातभर लांब. मग पलीकडचा तुकडा. मंगळवार, संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटं. शिवलिंगप्पाची बायको नाकाला पदर लावून येते, ताटली उचलते, मुंग्या झटकते, तांब्याने अप्पांच्या तोंडात पाणी ओतते, अर्धं उशीवर सांडतं, आणि जाते.

मधे काही नाही. एकतीस तास.

त्याने दोघांना आत बोलावलं.

"मशिन चांगलंय," तो म्हणाला. आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "कुणी खोलीत आलं तरच ते रेकॉर्ड करतं. सोमवार दुपारपासनं काल संध्याकाळपतोर रेकॉर्डिंग न्हाय, कारण कुणी आलंच न्हाय. एकदा बी न्हाय."

त्याला वाटलं, आता हे दोघं खाली बघतील. निदान एकजण तरी.

दोघे एकमेकांकडं बघत राहिले. मग शिवलिंगप्पाने मोठा श्वास सोडला.

"म्हंजे ह्यो आत आलाच न्हाय?"

"न्हाय."

"आन् अण्णा बी न्हाय?" गौरीशंकर म्हणाला. "नक्की?"

"नक्की."

"मग अंगठ्याचं काय झालं न्हाय तर!" गौरीशंकर हसला. खरोखर हसला. थोरल्याच्या खांद्यावर त्याने हात ठेवला, आणि थोरल्याने तो ठेवू दिला. "उगंच डोक्याला ताप झाला की रं दोन दिवस. ए, चहा टाका! अण्णाला बी, बसवेशला बी."

"म्या तर मोबाईलवर चारदा बघितलं व्हतं," शिवलिंगप्पा म्हणाला. "सोमवारी रात्री बघितलं, काल सकाळी बघितलं. अप्पा जिथल्या तिथं पडलेले. म्हणलं, काय गडबड न्हाय."

बसवेश शिवलिंगप्पाकडं वळला.

"अण्णा, चारदा बघितलं तर एकदा आत येऊन पाणी द्यायला काय झालं व्हतं?"

"काल संध्याकाळपतोर पाळी त्याची."

"ऑं? पाळी सोमवार दुपारपासनं तुझी," गौरीशंकर म्हणाला. "महिन्याच्या सुरवातीलाच ठरलंय."

"सोमवार न्हाय, मंगळवार ठरलंय. विचार तुझ्या बायकोला."

आणि दोघे परत सुरू झाले, सोमवार की मंगळवार. चहा आला. कपावर साय धरली होती. बसवेशने कप हातात घेतला, त्या सायीकडं बघितलं, आणि उठून अंगणात जाऊन भडभडून ओकला.

तोंड धुऊन तो परत आला तेव्हा गौरीशंकरच्या डोक्यात नवीनच निघालं होतं. "बसवेश, त्याची नजर जरा बारीक कर बाबा. अप्पांचं बोट हललं तरी रेकॉर्ड झालं पायजे. अंगठा बी बोटच असतोय."

"कोमट पाणी द्या एक बादली," बसवेश म्हणाला. "आन् धुतलेली चादर."

"कशाला?"

"द्या म्हणतो न्हवं!"

बादली दाराशी आली, आत कुणी आलं नाही. बसवेशने आजवर कुणा आजाऱ्याचं काही केलं नव्हतं. स्वतःच्या वडलांचंही केलं नव्हतं, ते आईने केलं. त्याने तोंडाला रुमाल बांधला आणि चादर ओढली. ती निघेना. पाठीला चिकटली होती. पाणी लावून लावून, बोटाबोटाने सोडवावी लागली, आणि सुटली तेव्हा माकडहाडावर तळहाताएवढी जखम उघडी पडली, मधे पिवळी, कडेने काळी. तिच्यात काहीतरी वळवळत होतं. बसवेशने डोळे मिटले, मग उघडले आणि पुसत राहिला. कल्याणप्पा ओरडले नाहीत. डाव्या हाताने त्यांनी त्याच्या शर्टाचं टोक धरलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही.

स्क्रीनवर लाल ठिपका जळत होता. बाहेर दोघे भाऊ मोबाईलवर हे सगळं बघत होते.

खाटेखाली औषधांची फाईल पडली होती. दवाखान्यात भरती केलं तेव्हाच्या कागदावर मुलीचा नंबर होता. उमादेवी, तामलवाडी. बसवेशने अंगणापलीकडं रस्त्यावर जाऊन फोन लावला. आपण कोण, इथं कशाला आलो, काय बघितलं, सगळं त्याने एका दमात सांगितलं.

"मला म्हणले, अप्पा चांगले हायत," उमादेवी म्हणाली. "म्या दोनदा आले, तर दारातनंच परत लावलं. म्हणले, तू कागद घेऊन आलीस. थांबा तुम्ही तिथं. जाऊ नका."

दुपारी दोनच्या आत ती जीप घेऊन आली, संगती नवरा आणि शेजारचे दोन गडी. भाऊ दारात आडवे झाले. दिवसभरात पहिल्यांदाच दोघे एका बाजूला होते.

"न्यायचं तर ने," शिवलिंगप्पा म्हणाला, "पण आधी कॅमेऱ्यासमोर उभी ऱ्हा आन् बोल, की म्या अप्पांचा अंगठा घेणार न्हाय."

उमादेवी खोलीत शिरली. वासाने तिचा पाय अडखळला, पण पदर नाकाला गेला नाही. तिने चादर उचलून जखम बघितली, परत झाकली. मग कॅमेऱ्याकडं न बघता भावाकडं बघितलं.

"अण्णा, तुमच्या सात एकरावर थुकते म्या," ती म्हणाली. "सरका."

ते सरकले. बसवेशसह चौघांनी गादीसकट कल्याणप्पांना उचललं. जीप हायवेला लागेपर्यंत बसवेश उभा राहिला. मग पेटीत हात घालून त्याने आपला नवा अडॉप्टर तेवढा काढून घेतला, जुना लावला आणि निघाला. मजुरी विचारायलाही थांबला नाही.

संध्याकाळी शिवलिंगप्पाचा फोन आला. "ती अप्पांना नेताना खोलीत काय बोलली, त्याची कॉपी काढून देशील का? पुढंमागं कोर्टात लागंल."

बसवेशने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी गौरीशंकरचा आला, तो त्याने उचललाच नाही.

कल्याणप्पा महिनाभर सोलापूरच्या दवाखान्यात होते. जखम भरत आली तेव्हा उमादेवीने त्यांना तामलवाडीला घरी आणलं. जूनमध्ये एकदा त्या बाजूला काम निघालं म्हणून बसवेश गेला. मनात एक सांगायचं होतं, ते घेऊनच गेला. अप्पा ओसरीत खाटेवर उशीला टेकून बसले होते. स्वच्छ धोतर, कपाळाला विभूती. त्याला बघताच त्यांची नजर त्याच्यावरून सरकली आणि ओसरीच्या वरच्या कोपऱ्यात गेली. मग दुसऱ्या कोपऱ्यात.

"कुणी आलं की आसंच करतात," उमादेवी म्हणाली. "आधी वर बघतात. आढ्याला काय न्हाय म्हणून किती सांगितलं, पटत न्हाय."

"अक्का, त्यो कॅमेरा म्याच बसवला व्हता. त्याची नजर बी म्याच कमी केली व्हती."

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली. बरं म्हणाली नाही, वाईटही म्हणाली नाही. आत जाऊन तिने ताक आणलं. तो उभ्यानेच ते प्याला आणि पेला त्याने अंगणातल्या नळाखाली स्वतःच विसळून ठेवला. जाताना तो अप्पांच्या पाया पडायला वाकला, तर त्यांनी पाय आखडून घेतले. ओळखून आखडले की न ओळखून, ते कळायला मार्ग नव्हता.

पुढची तक्रार तुळजापूरची होती. तिथं कुणाच्या तरी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग होत नव्हतं. दुकानाचाच कॅमेरा आहे ना, घरातल्या खोलीतला नाही ना, असं बसवेशने फोनवर दोनदा विचारून घेतलं आणि मगच गाडीला किक मारली.