शेजारच्या पेशी

पणजी विणकरीण, आजी शिंपीण, आई शस्त्रक्रियेच्या खोलीतली परिचारिका. तीन पिढ्यांनी जोडण्याचेच काम केले. चौथी, जिला घरात आणि प्रयोगशाळेत सगळे थोरली म्हणत, ती पेशी एकमेकींना कशा जोडल्या जातात हे पाहता पाहता म्हातारी झाली.

हृदयाच्या पेशी हा तिचा विषय. पेशीच्या पोटात शक्ती पुरवणाऱ्या तंतुकणिका खच्चून भरलेल्या, आणि दोन पेशींच्या मध्ये दोन तऱ्हांचे जोड. एक गुंड्यांसारखे, घट्ट धरून ठेवणारे. दुसरे अतिसूक्ष्म नळ्यांचे, ज्यांतून एकीचा इशारा दुसरीत जातो. या नळ्या नसल्या, तर पेशी अंगाला अंग लावून राहतात आणि तरीही आपापल्या तालाने धडधडतात. थोरली आणि तिची धाकटी जाऊ एकाच घरात, एकाच प्रयोगशाळेत, वर्षानुवर्षे तशाच राहिल्या.

त्याला कारण होते. एकदा थोरलीने हृदयाचा तुकडा पेशी सुट्या करणाऱ्या विकरात, म्हणजे एन्झाइममध्ये, भिजवला होता. तेवढ्यात आई अत्यवस्थ असल्याचा फोन आला. ती बोलत राहिली आणि विकर वेळेपेक्षा अधिक राहिले. पेशी कशाबशा धुऊन बशीत घातल्या, त्यांचे अन्न रोज बदलण्याची पाळी धाकटीच्या गळ्यात मारली आणि ती माहेरी गेली. धाकटीची मुलगी तापाने फणफणत होती, तरी तिने एक दिवस चुकवला नाही. आईला अखेरचे पोहोचवून थोरली परतली, तो निम्म्या पेशी मेलेल्या, उरलेल्या एकेकट्या धडधडणाऱ्या. तिने सर्वांदेखत धाकटीला धारेवर धरले. धाकटी खाली मान घालून उभी राहिली. विकराची गोष्ट थोरलीच्या ध्यानात आली ती पुढे काही दिवसांनी. पण एकदा तोंडातून गेलेला शब्द मागे घेण्याची तिला सवय नव्हती.

आता थोरली निवृत्त होती आणि धाकटी रुग्णालयात. धाकटीच्या शेवटच्या प्रयोगाचे ऊतक तयार होते. ते वाया गेले असते तर पुन्हा मांडामांड करण्याइतका श्वास तिच्यात उरला नव्हता. हे काम मी करीन, असे थोरलीने आपण होऊन सांगितले. धाकटीने उशीवरून मान वळवली.

"करा. पण एन्झाइम वेळेवर काढा, जाऊबाई. फोन वाजला तरी."

थोरली खाटेच्या कडेला टेकली.

"तुला ठाऊक होतं?"

"शेजारच्याच टेबलाशी तर होते मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमची आई गेली होती. आणि नंतर वाटलं, तुम्हीच बोलाल." धाकटी हसली. "फार वाट बघायला लावलीत हो."

त्यावर जे बोलायला हवे होते ते थोरलीच्या ओठांशी आले. पण इतक्यात औषधे घेऊन परिचारिका आली आणि उद्या सांगू, असे म्हणून ती उठली.

दुसऱ्या दिवशी तुकडा विकरात असतानाच पिशवीतला फोन वाजू लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजला. थोरलीने हात बशीवरून हलवला नाही. विकर वेळेवर काढले, पेशी धुतल्या, उबदार कपाटात ठेवल्या, मग फोन केला.

"मोठ्या काकू," धाकटीची मुलगी म्हणाली, "आईला तुमच्याशी बोलायचं होतं. आता शुद्ध नाहीये."

संध्याकाळपर्यंत धाकटी गेली. थोरली जाऊन तिच्या उशाशी बसली, कानाशी वाकून तो राहिलेला शब्द बोलली. ऐकायला कोणी नव्हते.

पेशींचे बाकीचे आम्ही पाहू, असे प्रयोगशाळेतली मुले म्हणाली, पण थोरलीने त्यांना हात लावू दिला नाही. धाकटीने जितके दिवस पाळी केली होती तितके दिवस ती रोज गेली, अन्न बदलत राहिली. आरंभी पेशी जिकडे तिकडे आपल्याच तालात होत्या. मग कडेच्या दोघी एकत्र आल्या, मग त्यांच्या शेजारणी. अखेरच्या दिवशी तिने सूक्ष्मदर्शकात पाहिले तेव्हा सगळी बशी एका ठोक्याने हलत होती.

तिने शेवटचे अन्न बदलले, बशीवरचे धाकटीचे नाव पुसट झाले होते ते नव्याने लिहिले, आणि कपाटाचे दार लावले. पाळीचे देणे पुरे फिटले.